साध्या मजकुराचा पारखी

शहरी मराठी समाजात गेल्या दहा-पंधरा वर्षांत जे नवे मनुष्यविशेष उदयास आले, त्यांमध्ये मोबाईलवर मजकुराच्या फायली संपादित करण्यासाठी सर्वोत्तम ॲप कोणते या एकाच प्रश्नाला वाहून घेतलेल्या गृहस्थाची नोंद अद्याप कोणी केलेली नाही, ही समाजशास्त्राची उणीवच म्हणावी लागेल. या गृहस्थाचा सर्व जिव्हाळा साध्या मजकुराशी असतो. साधा मजकूर म्हणजे ज्यात ठळक वा तिरपा ठसा, रंग, चित्रे, समास यांपैकी काहीही नसून केवळ वर्णांचे क्रमांक ओळीने मांडलेले असतात असा मजकूर होय. अशा फाईलच्या नावाला सहसा टीएक्सटी असे शेपूट असते, आणि ती कोणत्याही यंत्रावर कोणत्याही काळी उघडावी अशी अपेक्षा असते. या अपेक्षेत आणि वास्तवात जे अंतर आहे, त्यातच हा गृहस्थ आयुष्य काढतो. पुढील विवेचनात त्यास ‘पारखी’ असे संबोधले आहे.

पारखी हिंजवडीत नोकरीला असू शकतो, बँकेतून निवृत्त झालेला असू शकतो किंवा सोसायटीचा खजिनदारही असू शकतो. व्यवसायावरून तो ओळखू येत नाही. त्याची खूण म्हणजे त्याच्या फोनमधील ‘एडिटर’ नावाचे फोल्डर, ज्यात मार्कर, क्विकएडिट, जोटा, एकोड अशी मंडळी दाटीवाटीने नांदत असतात आणि ज्यातून दर महिन्याला एखाद्याची हकालपट्टी होऊन नव्याची भरती होते. आयफोन बाळगणारा पारखी हेच काम टेक्स्टॅस्टिक आणि आयए रायटर यांच्यात करतो, फक्त तो पैसे मोजून करीत असल्याने त्याच्या बोलण्यात किंचित भारदस्तपणा आढळतो. ‘फोनमध्ये नोंदी लिहायची सोय आयती असते की’ असे कोणी सुचविल्यास दोन्ही पोटजाती एकदिलाने हसतात, कारण तेथील नोंद ही फाईल नसून त्या ॲपच्या पोटातील ऐवज असते आणि ती बाहेर काढताना त्याची मर्जी सांभाळावी लागते, हे पारख्याचे आद्य तत्त्व होय. तत्त्व खरे आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे.

नवे ॲप हाती येताच पारखी जी परीक्षा घेतो ती जवळून पाहण्यासारखी असते, कारण भाजीवालीसमोर उभे राहून प्रत्येक भेंडीचे टोक मोडून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाची चिकाटी तिच्यात दिसते. प्रथम तो ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द एकाखाली एक लिहितो. समुद्र आणि डोंगरांमधील खोलगट जागा यांतील फरक मराठीत एका अर्ध्या ‘र’वर उभा आहे, आणि हा अर्धा ‘र’ संगणकात दोन प्रकारे साठविता येतो: एकदा खाली टिंब असलेला स्वतंत्र ‘ऱ’ वापरून, आणि एकदा नेहमीच्या ‘र’चा पाय मोडून त्यापुढे शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे पडद्यावर न दिसणारा पण शेजारच्या अक्षरांना जोडणारा वर्ण, घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. शोध घेणाऱ्या ॲपला मात्र ते भिन्न वाटत असल्याने एका पद्धतीने लिहिलेल्या ‘दऱ्या’ दुसऱ्या पद्धतीने शोधल्यास सापडत नाहीत. मग पारखी ‘मराठी’ हा शब्द लिहून ॲप त्यात किती वर्ण मोजते ते पाहतो. काना आणि वेलांटी यांना स्वतंत्र क्रमांक असल्याने उत्तर पाच येते, आणि घरातील शाळकरी मुलगी ‘बाबा, तीनच आहेत’ असे सांगून जाते. शेवटी तो बॅकस्पेसची कळ एकदाच दाबून केवळ वेलांटी पुसली जाते की अख्खे अक्षर, हे श्वास रोखून पाहतो. एवढ्यात चहा निवतो.

पारख्याचा खरा शत्रू मात्र वर्णसंकेतन हा आहे. युनिकोड ही जगातील लिप्यांच्या वर्णांना क्रमांक देणारी व्यवस्था असून, ते क्रमांक बाइटच्या, म्हणजे साठवणीच्या छोट्या एककाच्या, रूपात लिहिण्याची यूटीएफ-८ ही पद्धत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये आखली. तीत देवनागरीचा प्रत्येक वर्ण तीन बाइट घेतो. फाईल उघडताना ॲपने चुकून जुनी पश्चिम युरोपीय पद्धत गृहीत धरली, तर या तिन्ही बाइटांची फारकत होऊन पहिल्याच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि दुसऱ्याच्या जागी चलनाचे चिन्ह उमटते. त्यातही गंमत अशी की दुसरी वेलांटी, उकार आणि मात्रा यांच्या वाट्याला जपानी येन येतो, तर पहिली वेलांटी आणि काना यांना कोणत्याच देशाचे नसलेले एक बेवारशी चिन्ह मिळते. सामान्य माणूस असा पडदा पाहून फाईल बिघडली असे समजतो. पारखी मात्र ते येन पाहूनच ‘यूटीएफ-८ आहे, चुकीची वाचली आहे’ असे निदान करतो.

त्याच्या चरित्राचे दोन कालखंड पडतात. पूर्वार्धात कोणतेही ॲप फोनच्या साठवणीत मनसोक्त हिंडत असे; २०१९ मधील अँड्रॉइड १० आणि २०२० मधील अँड्रॉइड ११ यांनी हे हिंडणे आवरून प्रत्येक ॲपला आपापल्या अंगणात बसविले आणि बाहेरची फाईल हवी असल्यास मालकाची परवानगी मागण्याचा दंडक घातला. हा बदल सुरक्षिततेसाठी होता. पारखी, जो एरवी ‘मजकूर लिहिणाऱ्या ॲपला मायक्रोफोन कशाला हवा?’ असे संतापून विचारतो, तो या बाबतीत मात्र स्वातंत्र्य गेल्याची भाषा बोलतो. विसंगती दाखवून दिल्यास विषय बदलतो.

कमालीच्या अवस्थेला पोचलेला पारखी टर्मक्स नावाचे ॲप घेतो, जे फोनवर लिनक्सची काळी आज्ञा-खिडकी उघडून देते, आणि तीत ब्रॅम मोलेनार यांनी १९९१ मध्ये प्रसृत केलेला व्हिम हा संपादक चालवतो. व्हिममध्ये लिहिण्याची आणि आज्ञा देण्याची अवस्था वेगवेगळी असून लिहिणे थांबविण्यासाठी एस्केप ही कळ दाबावी लागते, आणि फोनच्या नेहमीच्या कळफलकावर ही कळच नसते. तेव्हा आवाज वाढविण्याचे बटण धरून ‘ई’ दाबावे, अशी सोय टर्मक्सने केली आहे. लोकलमध्ये उभ्याने, एका हाताने कडी धरून ही कसरत करणारा मनुष्य दिसल्यास त्यास जागा द्यावी.

हे सर्व ज्या लेखनासाठी चालले आहे, ते म्हणजे घराण्याचा कुलवृत्तांत. त्याची फाईल प्रत्येक ॲपमध्ये उघडली गेली आहे आणि तिच्या इतक्या सुरक्षित प्रती आहेत की एखादी लढाई झाली तरी ती टिकेल. मजकूर मात्र मूळ पुरुष कोकणातून निघाला इथवरच पोचला असून तो अद्याप घाट चढलेला नाही. दरम्यान ‘अहो, सामानाची यादी कुठे लिहिलीत?’ या प्रश्नाला ‘थांब, कोणत्या ॲपमध्ये आहे ते बघतो’ असे उत्तर मिळते आणि पत्नी तीच यादी व्हॉट्सॲपवरून दुकानदाराला पाठवून मोकळी होते.

तथापि पारख्यास निरुपयोगी ठरविणे अन्यायाचे होईल. ज्या जुन्या फाँटांमध्ये देवनागरीची अक्षरचित्रे रोमन वर्णांच्या जागी बसविलेली असत, त्यांत अडकलेली आजोबांच्या आठवणींची किंवा मंडळाच्या इतिवृत्ताची फाईल जेव्हा फोनवर निरर्थक रोमन अक्षरे दाखवते, तेव्हा आळीतील सर्वांना त्याचेच दार आठवते, आणि तो ती जिद्दीने युनिकोडमध्ये आणून देतो. वाचकांपैकी कोणाकडे अशी फाईल असल्यास त्यांनी ती त्याच्याकडे अवश्य न्यावी. फक्त तिची एक प्रत आधी आपल्याजवळ ठेवावी, कारण दुरुस्ती झाल्यावरही पारखी ती लगेच परत देत नाही, आणखी दोन ॲपमध्ये कशी दिसते ते पाहतो.