येडशी ते वेस्ट स्प्रिंगफील्ड, व्हाया कोथरूड

माझा भाचा बॉस्टनजवळ राहतो. तिकडच्या भाच्यांना मामाची आठवण दोन प्रसंगी येते: सातबारा काढायचा असला की, आणि बायकोशी एखाद्या गोष्टीवरून अडलं की. या वेळी सातबारा नव्हता.

जानेवारीच्या शेवटच्या शनिवार-रविवारी त्याच्या घरापासून दोनेक तासांवर, वेस्ट स्प्रिंगफील्ड नावाच्या गावी, खेळण्यातल्या आगगाड्यांचं मोठं प्रदर्शन भरतं. अ‍ॅमहर्स्ट रेल्वे सोसायटी म्हणून हौशी मंडळींची संस्था आहे, ती भरवते. मोठं म्हणजे किती, तर चार इमारती भरून. आपल्याकडे चार इमारतींत अख्खी जिल्हा परिषद बसते आणि वर एक इमारत गळकी म्हणून शिल्लक राहते. भाच्याला जायचं होतं. त्याच्या बायकोचं म्हणणं, बाहेर बर्फ, पोराला सर्दी, तिकिटाचा खर्च, पेट्रोलचा खर्च, आणि येताना तू एक इंजिन घेऊन येणार ते वेगळंच.

"मामा, तुम्हीच सांगा. जाण्यासारखं आहे का?"

आता मी धाराशिवात बसून अमेरिकेतल्या प्रदर्शनाचा निवाडा कसा करणार? पण मामाला माहीत नाही असं म्हणता येत नाही. "विचारून सांगतो," म्हणालो.

आमच्याकडे 'विचारून सांगतो' म्हणजे चहाच्या हॉटेलात विषय सोडायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी सोडला.

"गाडीत बसाया मिळतंय का?" पहिला प्रश्न आला.

"नाही. एवढ्याएवढ्याशा गाड्या असतात. नुसत्या बघायच्या."

"बसायचं न्हाई, नुसतं बगायचं, आन् वर पैसं द्यायचं?"

"किती लांब म्हणलाव?" हे एसटीतले निवृत्त कंडक्टर. दीडशे किलोमीटरच्या आसपास, असं मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि म्हणाले, "पंचवीस टप्पे." सहा किलोमीटरचा एक टप्पा हा हिशेब त्यांच्या रक्तात आहे. उद्या कुणी त्यांना चंद्राचं अंतर सांगितलं तर तेही ते टप्प्यांतच घेतील. "पंचवीस टप्पे बर्फात जायाचं, म्हंजे गाडी तरी खरी पायजे," असा त्यांनी निकाल दिला आणि बैठक दुधाच्या भावाकडे वळली.

घरी आल्यावर हिला सांगितलं. ही शेंगा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अमेरिकेचं राहू द्या. पुण्यात कोथरूडला आहे तसलंच. इतकी वर्षं ताई बोलावतेय. ते तरी बघितलंत का?"

बघितलं नव्हतं. कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय 1998 साली 1 एप्रिलला सुरू झालं. बी. एस. जोशी, म्हणजे पुणेकरांचे भाऊ जोशी, यांनी जन्मभराच्या नादातून ते उभं केलं. माणसाने आयुष्यभर आगगाडीशी खेळावं आणि शेवटी लोकांनी तिकीट काढून ते बघावं, यापरतं भाग्य काय? मी आयुष्यभर पत्त्यांशी खेळलो. कुणी फिरकलं नाही.

मग मी कालनिर्णयचं जुनं पान उलटं करून हिशेबाला बसलो. या छोट्या गाड्यांच्या दुनियेत सगळ्यात जास्त चालणारं माप 1:87. म्हणजे खऱ्या वस्तूचा सत्त्याऐंशिवा भाग. या मापाने मी साधारण 1.9 सेंटिमीटरचा. हिला सांगितलं तर म्हणाली, "स्वभावाचं माप काढा, तेवढंही भरायचं नाही." धाराशिव ते पुणे अडीचशे किलोमीटर धरलं तर ते पावणेतीन-तीन किलोमीटर होतं. म्हणजे या मापाने पुणे आमच्या घरापासून पायी जाऊन भाजी घेऊन परत येण्याच्या अंतरावर. जर्मनीत हॅम्बुर्गला 'मिनिएटुर वुंडरलँड' नावाचं जे अवाढव्य प्रकरण ब्राऊन नावाच्या जुळ्या भावांनी 2001 साली उघडलं, तिथे 15 किलोमीटरच्या वर रूळ आहेत, तेही याच मापाचे. मी मिरज ते लातूर आमची अख्खी बार्शी लाइट रेल्वे, 202 मैल, सत्त्याऐंशीने भागली. पावणेचार किलोमीटरच्या आत आली. म्हणजे हॅम्बुर्गच्या एका गोदामात बार्शी लाइट चार वेळा बसते! हा आकडा सापडला आणि मला उगीचच अपमान झाल्यासारखं वाटलं.

अपमानाचं कारण सांगायला हवं. बार्शी लाइट हीच मुळात खेळण्यातली गाडी होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरने अडीच फुटांच्या रुळांवर ती उभी केली. कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही हे त्याचं गणित. भार हलका, म्हणून रूळ हलके, म्हणून पूल हलके, म्हणून खर्च हलका. 1897 साली ती बार्शी रोड ते बार्शी धावायला लागली. बार्शी रोड म्हणजे आजची कुर्डूवाडी. 1911 ला लातूरला पोचली, 1927 ला मिरजेला. 1954 पर्यंत ती कंपनीची होती, मग सरकारने घेतली. हा कॅलथ्रॉप मोठा नादिष्ट गडी. पुढे त्याने विमानातून उडी मारायचं पॅराशूट काढलं आणि उतारवयात घोड्यांवर पुस्तक लिहिलं. रेल्वे, पॅराशूट, घोडा. आमच्या गाडीने मात्र यातल्या घोड्याचाच वेग उचलला, आणि तोही चढावर सोडून दिला.

आणखी एक. या गाडीचे डबे-वाघिणी हिंदुस्थानात येण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे तात्पुरते रूळ टाकून चालवून दाखवले होते, आणि लोक ते बघायला आले होते. म्हणजे आमची बार्शी लाइट आधी प्रदर्शनात गेली, मग कामाला लागली. त्या वेळी लीड्समधल्या कुणीतरी कुणालातरी विचारलं असेलच, "जाण्यासारखं आहे का?"

आता खरी गंमत अशी की ही गाडी जिल्ह्यातून जात होती, पण जिल्ह्याच्या गावाला शिवत नव्हती. पांगरीहून रामलिंगच्या घाटातून येडशी, कळंब रोड, ढोकी, मुरूड असं करत ती लातूरला जायची. आम्ही उस्मानाबादकर, म्हणजे आजचे धाराशिवकर, रुळांपासून वीसेक किलोमीटर लांब. त्यामुळे आमच्या लहानपणी आगगाडी ही प्रवासाची गोष्ट नव्हती, बघायला जायची गोष्ट होती. तिच्यात बसून कुठे जायचं नसायचं.

मी तिसरीत असताना वडिलांनी मला येडशीला नेलं. त्यासाठी आठवडाभर घरात खल चालला होता. आई म्हणायची, एक पूर्ण आणि एक अर्धं तिकीट काढून एसटीने जायचं, काळी गाडी बघायची आणि परत यायचं, यात मिळवायचं काय? वडील काही बोलले नाहीत, धोतर बदललं. स्टेशनवर पोचलो तर गाडी लेट. किती लेट, हे विचारल्यावर मास्तर म्हणाले, "पांगरी सोडली की कळेल." आम्ही फलाटावर बसलो. फलाट म्हणजे जमिनीचाच थोडा सपाट केलेला भाग. तिथे आमच्याआधी एक काळी शेळी येऊन बसलेली होती. ती गाडीसाठी आली नव्हती, तरीही गाडीची वाट सगळ्यांत शांतपणे तीच बघत होती. एक बाई सीताफळाची पाटी घेऊन. दोन वारकरी. वडिलांनी अर्धं सीताफळ मला दिलं, अर्धं स्वतः खाल्लं, बिया मोजल्या, उगीच. दीड तासाने वडील म्हणाले, "आलो ते आलो, बघूनच जाऊ."

मग लांबून आधी धूर आला, मग आवाज, आणि बऱ्याच वेळाने गाडी. इंजिन बुटकं, काळं, घामाघूम झाल्यासारखं. ड्रायव्हर खाली उतरला, पाठ ताणली आणि सांध्यांवर कसली तरी तेलाची झारी फिरवायला लागला. गरम तेलाचा तो वास मला पुढे कुठेही आला नाही, पुण्यातही नाही. शेळी उठली, रूळ ओलांडून पलीकडे गेली. गार्डाने शिट्टी तिच्यासाठी थांबवली, हे मी स्वतः पाहिलंय. घाटात उतरून, झाडामागे जाऊन परत चालत्या गाडीत चढल्याची गोष्ट आमच्या जिल्ह्यात प्रत्येकाच्या मामाच्या बाबतीत घडलेली आहे, ती मी सांगत नाही. शेळीची मात्र माझी आहे.

घरी आल्यावर आईने विचारलं, "काय मिळालं?" मी म्हणालो, "सीताफळ." वडील जोरात हसले. ते क्वचित हसत.

पुढे रूळ बदलले. 2007 ला लातूरकडून उस्मानाबादला ब्रॉडगेज आली, 2008 ला ती कुर्डूवाडीला जोडली, आणि गावाला स्वतःचं स्टेशन मिळालं. छोट्या गाडीची शेवटची फेरी बघायला जायचं मी पक्कं ठरवलं होतं. नेमका त्याच दिवशी पाव्हण्यांत साखरपुडा निघाला. "गाडी काय, परत बघता येईल," असं मीच म्हणालो. तो साखरपुडाही पुढे मोडला.

म्हणून या वेळी कोथरूडला जायचं ठरलं. तिसरीतल्या नातवाला दाखवायला, असं बाहेर सांगितलं. रात्री उशिरा धाराशिवात गाडीत बसलो आणि पहाटे पुण्याला उतरलो. गाडी वेळेवर पोचली की माणूस किती अडचणीत येतो ते तेव्हा कळलं. रिक्षावाला आणि मी दोघेच जागे. मेव्हणीच्या दारात कुंथलगिरीच्या पेढ्यांचा पुडा घेऊन अंधारात उभे राहिलो. तिने दार उघडून आधी पुडा घेतला, मग आम्हाला. साडू दिवसभर पुण्यातली घरं किती महाग झाली ते सांगत होते. म्हणजे अर्ध्या तासाच्या आतल्या खेळासाठी एक रात्र, एक पुडा आणि चाळीस लाखांच्या वनबीएचकेची माहिती, एवढी किंमत झाली. आईचा प्रश्न आठवला.

पण खेळ सुरू झाला आणि मी बोलणं विसरलो. समोर एक आख्खं गाव. वाफेचं इंजिन, वेगाची गाडी, पूल, बोगदे, रोपवे, सर्कस, मोटारीत बसून सिनेमा बघायचं थिएटर, आणि जागोजागी सिग्नल. कुणीतरी संध्याकाळ केली आणि घराघरांतले दिवे लागले. सत्त्याऐंशीने भागलेल्या एका खिडकीत पिवळा उजेड होता. तिथे कोण राहत असेल, मुलगा नोकरीला लागला असेल का, असलं काहीतरी माझ्या मनात येत राहिलं. निवेदन चालू होतं, ते मी अर्धं ऐकलं.

नातू मात्र चौकस. "आजोबा, यात तुमची गाडी कुठाय?"

मी मनात भागाकार केला. अडीच फुटांचा रूळ या मापात नऊ मिलिमीटरही भरत नाही, करंगळीच्या नखाएवढा. "ती यात बसायची नाही," मी सांगितलं.

"मोठी होती?"

"नाही. लेट असायची."

मी त्या गावात शेळीही शोधली. दोनदा. माणसं होती, मोटारी होत्या. शेळी मला दिसली नाही. असेल कुठे बोगद्याच्या पलीकडे, पण ज्या स्टेशनात शेळी फलाटावर बसत नाही, ते स्टेशन माझ्या मते अजून अपुरं आहे. बाहेर पडताना हे मी बोलून दाखवलं. नातवाने माझा हात ओढला. हिने ओढणं नातवावर सोडलं नाही.

परत आल्यावर भाच्याला फोन केला. म्हटलं, "जा. बर्फ असला तरी जा. पोराला ने, सर्दी घरात बसूनही राहते. बायकोला ने. वेळ हाताशी ठेवून जा, आणि अडीच फुटांच्या रुळावरचं बुटकं काळं इंजिन कुठे दिसलं तर फोटो पाठव. इंजिन विकत घेऊ नकोस."

"आणि मामा, तुम्ही कोथरूडला गेला होतात ना? कसं होतं?"

"सीताफळ नव्हतं," मी म्हणालो. त्याला काही कळलं नाही.

तो गेला. तिथून त्याने एकशेदहा फोटो पाठवले, पैकी नव्वदांत त्याचा पोरगा इंजिनाच्या आड आला आहे. त्याने काही विकत घेतलं नाही. त्याच्या बायकोने घेतलं: छोट्या स्टेशनावर ठेवायच्या जनावरांचं एक पाकीट. त्यात सहा शेळ्या आहेत, पाच तपकिरी आणि एक काळी. जिल्ह्याचं नाव 2023 साली बदललं, शेळीचं बदललेलं नाही. त्या काळीला मी उस्मानाबादी धरलं आहे.