नंबर तुमचा, बाजार त्यांचा

रत्नागिरीत घरच्या घरी आगळ आणि आमसुलं करून विकणारी एखादी बाई वेबसाइट काढायचं ठरवते. डॉट कॉम डोमेन घेते. फॉर्ममध्ये खरं नाव, घरचा पत्ता, रोजच्या वापरातला मोबाइल नंबर भरते. प्रायव्हसीची ओळ बारीक अक्षरात असते, ती राहून जाते. मग फोन सुरू होतात. ‘मॅडम, वेबसाइट डिझाइन करून देतो.’ ‘मॅडम, लोगो करून देतो.’ ‘मॅडम, गूगलच्या पहिल्या पानावर आणतो.’ दुकानाचं नाव अजून एका गिऱ्हाइकाच्याही कानावर गेलेलं नाही, पण दलालांकडे तिचा नंबर पोचलेला आहे.

हे कुणी हॅकिंग करून केलेलं नाही. डोमेनधारकांची सार्वजनिक नोंदवही असते, तिचं रूढ नाव हूइज. ती 1982 पासूनची. तेव्हा जाळ्यावर मोजकी विद्यापीठं आणि संशोधन संस्था होत्या. कुठलं यंत्र बिघडलं तर जबाबदार माणसाला गाठता यावं, एवढाच तिचा हेतू. पुढे जाळ्यावर बाजार आला आणि नोंदवही तशीच उघडी राहिली. नव्या डोमेनांच्या याद्या मालकांच्या फोन नंबरांसकट विकणं हा धंदा झाला.

बरं, खोटी माहिती भरून सुटका होत नाही. आयकॅन ही डोमेनांची जागतिक व्यवस्था पाहणारी संस्था. तिचा नियम असा की डोमेन घेतल्यावर 15 दिवसांत संपर्काची पडताळणी झाली नाही, तर रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन विकणारी कंपनी, ते बंद करू शकतो. म्हणजे खोटं लिहिलं तर दुकान जातं आणि खरं लिहिलं तर झोप. या पेचावर कितीतरी रजिस्ट्रारांनी वर्षानुवर्षं पैसे केले: माहिती झाकायची असेल तर दरवर्षी वेगळे भरा. उघडं पाडायचं यांनीच आणि झाकायचे पैसेही यांनीच घ्यायचे. ही सेवा नव्हे, वसुली आहे.

25 मे 2018 ला युरोपचा डेटा संरक्षणाचा जीडीपीआर कायदा लागू झाला आणि जे तोवर अशक्य म्हणून सांगितलं जात होतं ते चुटकीसरशी झालं. नाव, पत्ता, फोन, ईमेल झाकले गेले. इंटरनेट कोसळलं नाही. पण आयकॅनच्या नियमात एक फट राहिली. युरोपातल्या माणसाची माहिती झाकणं रजिस्ट्रारला भाग आहे. बाकी जगाची झाकायची की नाही, हे त्याच्या मर्जीवर. बर्लिनच्या बेकरीवाल्याला जो हक्क मिळतो, तो रत्नागिरीच्या बाईला मेहेरबानी म्हणून का मिळावा? अनेक रजिस्ट्रार आता सगळ्यांचीच माहिती फुकट झाकतात. म्हणजे करता येतं. जे करत नाहीत त्यांना करायचं नाही, इतकंच.

आपल्या 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यावर इथे फार भिस्त ठेवू नका. माणसाने स्वतःहून जी माहिती जाहीर केली, तिला तो कायदा लागूच होत नाही, असं त्याच्या कलम 3 मध्ये स्पष्ट आहे. घरचा नंबर वेबसाइटच्या तळाशी स्वतः छापलात, की त्या नंबरापुरतं ते छत्र गेलं.

मग सगळंच लपवायचं का? नाही. ऑनलाइन माल विकणाऱ्याने व्यवसायाचं नाव, पत्ता, ग्राहकसेवेचा संपर्क दाखवावा, असं ई-कॉमर्सचे 2020 चे नियम सांगतात, आणि ते योग्यच आहे. पैसे घेणारा कोण, हे गिऱ्हाइकाला कळलंच पाहिजे. बनावट साइटवाल्याला पोलिसांनी आणि न्यायालयाने रजिस्ट्रारकडून खणून काढावं, त्याबद्दलही तक्रार नाही. पण त्यासाठी प्रामाणिक बाईच्या घराचा पत्ता नोंदवहीत साऱ्या जगाला दाखवायची गरज नसते.

म्हणून दुकानाचं सिम वेगळं घ्या. ईमेलही दोन ठेवा: एक वेबसाइटवर छापलेला, दुसरा फक्त डोमेनच्या नोंदीसाठी, कुणालाही न सांगितलेला. याचा मोठा फायदा असा की ‘तुमचं डोमेन उद्या संपतंय, लगेच पैसे भरा’ असं पत्र छापलेल्या ईमेलवर आलं, तर ते बनावट आहे हे न उघडताच कळतं. अशा पत्रांना भले भले फसतात. साध्या दहा आकडी नंबरावरून जाहिरातीचा फोन आला तर 1909 वर तक्रार करा. दूरसंचार नियामक ट्रायच्या 2025 च्या दुरुस्तीनुसार त्यासाठी आता सात दिवसांची मुदत आहे. निव्वळ ब्लॉक करून भागत नाही, फोन दुसऱ्या नंबरावरून येतात.

आणि आजच आयकॅनच्या लुकअप पानावर आपलं डोमेन टाकून बघा. घरचा पत्ता किंवा नंबर दिसला, तर रजिस्ट्रारला लेखी कळवा: झाका, आणि फुकट झाका. पैसे मागितले तर डोमेन दुसरीकडे हलवा. नोंदणीला 60 दिवस झाले की ते हलवता येतं.