लायनरवाले बाबा

हे गृहस्थ ओळखायचे तर पावसाळ्यात त्यांच्या बाल्कनीखाली उभं राहावं. दोरीवर हत्ती, रॉकेट आणि केळी छापलेल्या इवल्या चड्ड्या, शेजारी पांढऱ्या जाड इन्सर्टची रांग आणि कडेला फ्लीसच्या पातळ पट्ट्या. त्या पट्ट्या म्हणजे लायनर. मुक्काम बाणेर किंवा वाकड, नोकरी सॉफ्टवेअरमध्ये, अपत्य पहिलं.

बाळ बघायला आलेल्या काकांच्या हातात पेढा पडायच्या आधी कापडी नॅपी पडते. "घाबरू नका काका, नवीन आहे. बोट फिरवून बघा." काका पाहुणे असल्यामुळे फिरवतात. बाहेरून पीयूएलचा थर, तो पाणी बाहेर येऊ देत नाही. आत खिसा, खिशात ओल पिणारं इन्सर्ट आणि सगळ्यांच्या वर, बाळाच्या अंगाला लागून, लायनर. "फ्लीस स्वतः ओल धरून ठेवत नाही, खाली सोडून देतं," असं म्हणत बाबा काकांच्याच कपातला चमचाभर चहा लायनरवर ओततात आणि बोटाने दाबतात. चहा खाली उतरतो, वरचं कापड जवळजवळ कोरडं. "बघितलंत?" काका बघतात. मग कपात किती उरला तेही बघतात.

या माणसाची तयारी बाळाच्या आधीपासूनची. सुती इन्सर्ट पाच-सहा वेळा धुतल्याशिवाय पुरतं ओल पीत नाही, हे वाचून बायकोला सातवा लागला असतानाच त्यांनी कोरी करकरीत इन्सर्टं धुवायला काढली. "अरे, अजून कोणी घाण केली नाहीत ती," आई म्हणाली. फॅब्रिक सॉफ्टनर तर घरातून हद्दपार, कारण त्याचा थर बसला की कापड पाणी प्यायला कुरकुरतं. आईने रॅशवर खोबरेल लावायला वाटी उचलली की बाबा आडवे येतात : "आई, थांब! खाली लायनर घातलाय का? तेल इन्सर्टमध्ये गेलं की संपलं!"

बाळ अंगावर पीत होतं तोवर लायनरला फारसं काम नव्हतं, ती शी पाण्याने निघून जायची. नाचणीचं सत्त्व आणि मऊ वरण-भात सुरू झाला आणि लायनरला खरे दिवस आले. आता प्रवासासाठी वापरून टाकायचे, कागदासारखे लायनरही आले. पाकिटावर फ्लश करता येतो असं छापलेलं असलं तरी बाबांच्या राज्यात त्याला बंदी आहे. "ड्रेनेज तुंबलं की पाकीटवाला येणार आहे का?" शी तेवढी कमोडमध्ये झटकायची, लायनर कागदात गुंडाळायचा आणि वर लाल ठिपका काढून वेगळा द्यायचा. पुण्यात 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचकांनी हा ठिपका मागितला, तो आतलं न उघडताच कळावं म्हणून. बाबा तो कंपासने काढल्यासारखा गोल काढतात.

इंग्लंडच्या पर्यावरण खात्याचा २००८ चा अहवाल त्यांना तोंडपाठ आहे. एका बाळाची अडीच वर्षं धरली तर विकतच्या डायपरचा कार्बनचा हिशेब ५५० किलोच्या आसपास आणि कापडी नॅपीचा ५७०. म्हणजे कापडी वापरलं की पुण्य आपोआप पदरात पडत नाही, कसं धुतो त्यावर आहे. मशीन भरून लावा, दोरीवर वाळवा आणि त्याच नॅप्या दुसऱ्या बाळालाही वापरा, की तब्बल २०० किलो वाचतात! हे 'दुसऱ्या बाळाला' बाबा जरा मोठ्याने वाचतात. आतून बायकोचा आवाज येतो, "ते २०० किलो राहू देत."

आईपुढे मात्र त्यांचं शास्त्र अडखळतं. "आम्हीही लंगोटात आणखी एक मऊ घडी घालायचो," ती सांगते.

"म्हणजे बूस्टर!"

"नाही रे, तुझ्या आजोबांचं धोतर."

शेजारच्या काकूंना या सगळ्याचं हसू येतं. "एवढं काय हो शास्त्र, शी-शूचं?" असं त्या विचारतात, तेव्हा आई दोरीवरच्या केळ्यांकडे बघत थंडपणे म्हणते, "असू दे हो. ह्याचे वडील मुलं कोरडी असली की मांडीवर घ्यायचे, ओली झाली की 'अगं' म्हणून हाक मारायचे. हा शास्त्र आहे म्हणून धुतो तरी. नुसती शी आहे असं कळलं असतं, तर ह्यानेही मलाच हाक मारली असती."