भावी प्रोग्रामर

चित्रकलेची पदविका घेतलेला, रंगांवर पोट भरणारा आणि येत्या सोमवारपासून कोडिंग शिकायला बसणारा माणूस म्हणजे भावी प्रोग्रामर. ‘भावी’ हे विशेषण त्याला फुकट मिळते. भावी नगरसेवकांना ते त्याच्याचकडून फ्लेक्सवर छापून घ्यावे लागते. वय पंचविशी ते चाळिशी. नखांत पोस्टर कलर आणि मोबाइलमध्ये अर्धवट पाहिलेले पायथॉनचे व्हिडिओ, या दोन खुणांवरून तो ओळखता येतो.

हा नमुना सर्वत्र आढळतो. परंतु नाशिकजवळच्या ओझरची हवा त्याला विशेष मानवते. 1964 साली येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा मिग विमानांचा कारखाना उभा राहिला आणि गावाच्या नावालाच ‘मिग’ चिकटले. जिथे शेजारचे काका दिवसभर सुखोई जोडतात आणि संध्याकाळी कोथिंबिरीची जुडी घेऊन घरी येतात, तिथे निसर्गचित्र काढणाऱ्याला ‘ते ठीक आहे, पण काम काय करतोस?’ असे विचारले जाणारच. हितचिंतक नातेवाईक तोडगाही सुचवतात : विमानालाही रंग द्यावा लागतोच, तेव्हा एचएएलमध्ये पेंटरची जागा निघते का बघ.

त्याच्या उत्पन्नाचे मार्ग पुष्कळ आहेत, उत्पन्न तेवढे नाही. शाळेच्या भिंतीवर पाढे आणि हत्ती रंगवणे, लग्नपत्रिका, द्राक्षाच्या पेट्यांवरची लेबले, एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे क्लास. क्लासला मुले येतात ती कलेच्या ओढीने नव्हे. दहावीला श्रेणीप्रमाणे वाढीव गुण मिळतात म्हणून. लेबलाचे पैसे ‘माल निघाला की’ मिळतात. माल निघतो, व्यापारी घेऊन जातो, आणि पुढे तो व्यापारीच बेपत्ता झाला, तर बागाईतदाराच्या बुडीत खात्यात चित्रकाराचीही एक ओळ असते.

करिअर बदलण्याचा विचार सहसा दिवाळीत बळावतो. हिंजवडीचा मावसभाऊ फराळाला येतो, चकली मोडता मोडता पॅकेज सांगतो आणि जाताना ‘तुझ्यासारख्या क्रिएटिव्ह माणसाला कोडिंग सोपं आहे रे’ एवढे बोलून जातो. पाडव्याच्या मुहूर्तावर हप्त्याने लॅपटॉप येतो.

अभ्यासाचा पहिला टप्पा रंगसंगतीचा. कोड लिहिण्याच्या खिडकीची पार्श्वभूमी काळी ठेवावी की गर्द निळी, यावर दोन-तीन दिवस जातात. ती खिडकी इतकी देखणी होते की तीत काही लिहू नये असे वाटते. दुसरा टप्पा पहिल्या प्रोग्रामचा. पायथॉनमध्ये ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या रिकाम्या जागेलाही अर्थ असतो हे कळल्यावर तो सुखावतो. रिकाम्या जागेला अर्थ असतो हे तो आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आलेला असतो आणि गिऱ्हाईक तिथे आणखी एका पुढाऱ्याचा फोटो घालत आलेले असते. तिसरा टप्पा चुकांचा. त्याचेही त्याला अप्रूप वाटते. यंत्र निदान कितव्या ओळीत चुकले ते सांगते. पदविकेचे परीक्षक नुसतेच ‘रेषेत जीव नाही’ म्हणून पुढे सरकत. चौथ्या टप्प्यात शाळांची स्नेहसंमेलने येतात, पडदे रंगवायची ऑर्डर मिळते आणि अभ्यासक्रम पुढच्या दिवाळीपर्यंत स्थगित होतो.

गंमत अशी की, या काळातही त्याचे प्रोग्रामिंग चालूच असते. वीतभर चित्रावर चौकटी आखायच्या, भिंतीवर तितक्याच मोठ्या चौकटी आखायच्या आणि एकेका चौकटीतला मजकूर क्रमाने वर चढवायचा, ही शिस्तबद्ध कृती तो झोपेतही करू शकतो. पण तिचे सर्टिफिकेट मिळत नसल्याने तो ती ज्ञानात धरत नाही.

पूर्वसूरींची नावे मात्र त्याला पाठ असतात. इंग्लंडचे हॅरल्ड कोहेन 1966 च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत मानाने झळकलेले चित्रकार. पुढे अमेरिकेत ते प्रोग्रामिंग शिकले आणि ‘आरोन’ हा चित्रे काढणारा प्रोग्राम 2016 साली मृत्यू येईपर्यंत घडवत राहिले. आपल्याकडे सुलेखनकार र. कृ. जोशी जाहिरातकलेतून संगणकाकडे वळले आणि विंडोजमधला ‘मंगल’ हा देवनागरी फाँट त्यांनी घडवला. दोघांनीही संगणक धरला, पण चित्र आणि अक्षर सोडले नाही. हा तपशील भावी प्रोग्रामर सांगताना गाळतो, कारण त्याला सोडायचेच असते.

2022 नंतर प्रकरण अधिक गुंतागुंतीचे झाले. चित्रेही यंत्र काढू लागले आणि कोडही तेच लिहू लागले. म्हणजे सुटलेली गाडी आणि धरायची गाडी दोन्ही एकाच फलाटावर रद्द झाल्या. चंपाषष्ठीच्या यात्रेचा फ्लेक्स आता मंडळाचे कार्यकर्ते मोबाइलवरच करून आणतात. खंडेरायाच्या घोड्याला पाच पाय निघाले की मात्र चित्रकाराला बोलावणे येते. एक पाय कमी करण्याचे दर अद्याप ठरलेले नाहीत.

बहुसंख्य नमुने ‘भावी’ अवस्थेतच स्थिरावतात. तिचे फायदेही आहेत : लग्नाच्या बायोडाटात ‘सध्या पायथॉन चालू’ असे लिहिता येते आणि पाहुण्यांची अर्धी चौकशी टळते. मोजके काही खरोखर पार जातात. त्यांना बहुधा वेबसाइटचा दर्शनी भाग सांभाळण्याचे काम मिळते, बटणाचा निळा किती निळा असावा यावर मीटिंगा होतात आणि लॅपटॉपचे हप्ते फिटतात. पुण्याहून सुट्टीला आले की घरचे शेजाऱ्यांना कौतुकाने सांगतात, “कॉम्प्युटरवर चित्रं काढतो.”