कोंबड्यांचा बंगला: इंदूरकरांसाठी शास्त्रोक्त मार्गदर्शिका

कोंबड्या आणण्यापूर्वी कुटुंबाने एकत्र बसून एक निर्णय घ्यावा: आपल्याला बाग हवी की कोंबड्या? दोन्ही हव्यात असं म्हणणाऱ्यांनी ही मार्गदर्शिका जरूर वाचावी, कारण त्यांनाच तिची गरज आहे. बागेतलं टुमदार खुराडं चित्रात शोभतं, कारण चित्रातली कोंबडी उकरत नाही. खरी कोंबडी पहिल्या दिवशी कोथिंबिरीचा वाफा पाहते, दुसऱ्या दिवशी मोगऱ्याचं आळं, आणि आठवडा संपायच्या आत तुळशीवृंदावनाचा पाया किती खोल आहे याची चौकशी सुरू करते. म्हणून वृंदावन आधीच दोन हात उंच करून घ्यावं. सासूबाईंनी विचारल्यास वास्तुशास्त्राचं नाव सांगावं. आजकाल ते कशालाही चालतं.

जात कोणती घ्यावी, यावर इंदुरात फार विचार करू नये. झाबुआ इथून जेमतेम दीडशे किलोमीटरवर असताना कडकनाथ सोडून दुसरं काही आणणं म्हणजे सराफ्यात रात्री अकरा वाजता जाऊन ग्लुकोजचा बिस्किटपुडा मागण्यासारखं आहे. झाबुआच्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि २०२२ साली महेंद्रसिंह धोनीच्या रांचीच्या फार्मसाठी दोन हजार पिल्लं तिकडूनच गेली. पिसं काळी, तुरा काळा, कातडी काळी, हाडांवरही काळसर छटा. अंडं मात्र फिकट बदामी. ही गोष्ट पाहुण्यांना आधीच सांगून ठेवावी, नाहीतर ते काळं अंडं बघायला येतात आणि चहा पिऊन हिरमुसले होऊन जातात. कडकनाथ वर्षाकाठी शंभरच्या आतबाहेर अंडी देते. फार्मवरची पांढरी कोंबडी तीनशेच्या घरात जाते, पण तिच्याकडे वंशाचा अभिमान नाही.

एक दिवसाची पिल्लं आणण्याचा मोह टाळावा. त्यांना पहिल्या आठवड्यात बल्बखाली ३५ अंशांची ऊब लागते, मग दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी करत जावं लागतं, आणि त्या काळात घरातल्या कुणालाही पंख्याखाली सुखाने झोपता येत नाही. तीन-चार महिन्यांच्या तलंगा घ्याव्यात.

आता बांधकाम. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात चपला ठेवून घेते. तिच्यावर थेट खुराडं ठेवलं तर जुलैत कोंबड्या चिखलात आणि ऑगस्टात पशुवैद्याकडे असतात. म्हणून मुरूम दाबून त्यावर फूट-दीड फुटाचा विटांचा ओटा घालावा. लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे मे महिन्यातलं ऊन सरळ आत शिरत नाही. आतमध्ये प्रत्येकीला चार चौरस फूट, बाहेर फिरायला दहा. वरच्या बाजूला हवा खेळती हवी, पण झोपलेल्या कोंबडीच्या अंगावर वारा येता कामा नये. जमिनीवर भुसा.

एवढं सांगून सुतार बोलावला की खरी अडचण सुरू होते. इंदूरचा सुतार कलावंत असतो. तो तुम्हाला राजवाड्याची प्रतिकृती सुचवील: सात मजले, मधे भव्य दरवाजा, वर कमानी. शेजाऱ्यांना दाखवायला हे उत्तम आहे. पण कोंबडीला झोपायला नेहमी सगळ्यात उंच दांडी हवी असते. तुम्ही सात मजले बांधाल, आणि संध्याकाळी सगळ्या जणी सातव्यावर एकमेकींना ढकलत बसतील. खालचे सहा भाड्याने देता येत नाहीत. त्यापेक्षा दोन फुटांवर एकाच उंचीची लांब दांडी लावावी. कडा गोल केलेली, पंजा टेकेल इतकी रुंद. अंडी घालायला चार जणींत एक फूटभर लांबीरुंदीचा अंधारा खोका पुरतो. त्यात एक संगमरवरी अंडं ठेवावं, म्हणजे जागा कशासाठी आहे हे त्यांना कळतं. तरीही पहिलं अंडं स्कूटरच्या मागे सापडेल. ते मुकाट्याने उचलावं.

जाळीच्या बाबतीत काटकसर नको. बाजारात 'कोंबडीजाळी' म्हणून मिळणारी षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, पण मुंगसाला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्यावी आणि ती जमिनीत फूटभर गाडावी. कडी दुहेरी हवी. एकेरी कडी मांजर निरीक्षणाने शिकते.

आहाराविषयी इंदूरकरांना वेगळं सांगायला नको, पण इथे सांगावंच लागेल. कोंबडीला सकाळी पोहे चालतात, जिलेबी नाही. पोह्यांवर जीरावन घालू नये आणि शेव तर मुळीच नाही, कारण जास्त मीठ तिला बाधतं. घरातल्या ज्येष्ठांना हे पटत नाही. शेवेवाचून प्राणी जगतो कसा, असा त्यांचा प्रामाणिक प्रश्न असतो. मुख्य खाणं म्हणजे रोज प्रत्येकी शंभर-सव्वाशे ग्रॅम अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य, आणि कवच घट्ट व्हायला वेगळ्या वाटीत शिंपल्यांचा चुरा. पाणी सावलीत.

पुढचा प्रश्न नागरी कर्तव्याचा. २०१७ पासून देशातल्या स्वच्छ शहरांत अव्वल असलेल्या गावात आपण कचरा सहा प्रकारांत वेगळा करतो. देवगुराडियाला २०२२ पासून रोज ५५० टन ओला कचरा पचवून गॅस बनवणारा कारखाना आहे. कोंबड्या आल्या की तुमच्या ओल्या कचऱ्याचा डबा रिकामा जाऊ लागतो, आणि गाडीवरचा माणूस संशयाने बघतो: या घरात स्वयंपाक होतो की नाही? त्याला खुराडं दाखवून आणावं. मात्र त्याआधी ते स्वच्छ असावं. ओला भुसा रोज काढावा, विष्ठा खताच्या खड्ड्यात काही महिने मुरू द्यावी. ताजी घातली तर तिच्यातल्या नत्राने उरलीसुरली बागही जळते, आणि मग सुरुवातीचा निर्णय घ्यायची गरज राहत नाही. शहरात कोंबड्या पाळण्याचे नियम काय आहेत, हे निगमाच्या कचेरीत जाऊन आधी विचारावं. शेजाऱ्याने विचारण्याआधी.

नव्या कोंबड्या जुन्यांत एकदम सोडू नयेत. शेल्डेरुप-एब्बे नावाच्या नॉर्वेजियन संशोधकाने शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिलं की कोणी कोणाला चोच मारायची याची कोंबड्यांमध्ये ठरलेली उतरंड असते. नवीन आली की ती सगळी पुन्हा ठरते. आठवडाभर मधे जाळी ठेवावी, मग रात्री अंधारात दांडीवर नेऊन बसवावं. गणेशोत्सवाच्या कार्यकारिणीत काम केलेल्यांनी हा परिच्छेद वगळला तरी चालेल.

राजेंद्रनगर किंवा लोकमान्यनगरातल्या शाकाहारी मराठी घरासाठी एक खास सूचना. अंड्यासाठी कोंबडा लागत नाही, आणि कोंबड्याविना घातलेल्या अंड्यातून पिल्लू होत नाही. हे आजोबांना एकदा शांतपणे समजावावं. ते ऐकून घेतील आणि "मग ती घालते कशाला?" असं विचारतील. याला शास्त्रात समाधानकारक उत्तर आहे, पण जेवणाच्या टेबलावर देण्यासारखं नाही. खरा पेच पुढेच आहे. चातुर्मास कोंबडीला ठाऊक नसतो. आषाढीनंतर दिवस मोठे असतात, तेव्हा ती जोरात अंडी देते आणि घरात कोणी खात नाही. कार्तिकी उलटते, सगळ्यांची जीभ मोकळी होते, तोवर दिवस लहान झालेले असतात. चांगली अंडी द्यायला तिला चौदा-एक तास उजेड लागतो. डिसेंबरात इंदूरला तो पावणेअकरा तासांच्या आसपास असतो, आणि जुन्या कोंबड्या पिसं झाडून स्वस्थ बसतात. मग ज्या शेजाऱ्याकडे चातुर्मास पाळत नाहीत, त्याच्याशी मे महिन्यातच मैत्री करून ठेवावी.

आजाराचा विषय मात्र थट्टेवारी नेऊ नये. २०२० च्या अखेरीस डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडले, बर्ड फ्लू निघाला, आणि काही दिवसांतच झाबुआतल्या एका कडकनाथ फार्मपर्यंत तो पोचला. पक्षी मारावे लागले. कावळे, पारवे खुराड्यातल्या खाण्यापाण्याला शिवणार नाहीत असं छत हवंच. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस वेळच्या वेळी टोचून घ्यावी. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे विचारायला लाजू नये. एकाएकी दोन-तीन पक्षी मेले तर हात न लावता पशुसंवर्धन खात्याला कळवावं.

शेवटी एक शक्यता. सगळ्या तलंगाच आहेत अशी खात्री विकणाऱ्याने दिलेली असते. कडकनाथमध्ये सगळंच काळं, त्यामुळे तुम्हालाही ती पटलेली असते. मग एका पहाटे त्यातली एक आरवते. गल्ली जागी होते. पहिल्या दिवशी तक्रार येते, दुसऱ्या दिवशी समितीची बैठक बसते, आणि तिसऱ्या दिवशी कोणाला तरी बाजारात कडकनाथ कोंबड्याला काय भाव मिळतो ते कळतं. त्यानंतर आवाजाबद्दल कोणी बोलत नाही. माणसं संध्याकाळी फाटकाशी रेंगाळतात, "भिया, वजन किती भरलं?" म्हणून आपुलकीने विचारतात. त्याच दिवशी खुराड्याला तिसरी कडी बसवून घ्यावी आणि तिला कुलूप घालावं.