पाटाची उतरती कळा

निवृत्त झालेला माणूस पूर्वी बाजाची पेटी घ्यायचा. पेटीने शेजारी हैराण व्हायचे, पण पेटीतून निदान भुसा पडत नसे. आता तो प्लेनर घेतो, लाकूड तासायचं मशीन.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या आप्पांनी घेतला. त्याला पंधरा अँपिअरचा प्लग लागतो, म्हणून गॅलरीतलं वॉशिंग मशीन निघालं आणि वहिनींचे कपडे बादलीत गेले. आप्पांना करायचा होता एक पाट. सत्यनारायणाला बसायला, सागाचा, स्वतःच्या हाताने. स्वतःच्या हाताने म्हणजे बटण दाबून.

काम सोपं. फळी घातली की रबरी रोलर तिला आत ओढतात आणि मिनिटाला आठ-दहा हजार फेरे घेणारी पाती वरचा थर किसतात. मात्र फळी पिळलेली असली तर रोलर तिला दाबून सपाट करतात, पाती किसतात आणि बाहेर पडल्यावर ती पुन्हा होती तशी पिळते. आप्पांची फळी पिळलेली होती. ती गुळगुळीत पिळलेली झाली. त्यावर उपाय म्हणून एक बाजू सरळ करणारं दुसरं मशीन आलं. वहिनींची बादलीही हलली.

राहिला खड्डा. फळी शिरताना आणि निघताना एकाच रोलरच्या पकडीत असते. तिचं दुसरं टोक लोंबतं, आणि दोन-तीन इंच पाती किंचित खोल जातात. खड्डा किती, तर नख फिरवलं तर कळेल एवढा. पण निवृत्त माणसाकडे नख असतं आणि वेळही असतो. आप्पांनी दोन्ही टोकं कापली आणि फळी परत घातली. नव्या टोकांना नवे खड्डे. परत कापली, परत घातली. इंचाची जाडी अर्ध्यावर आली, दोन फुटांची लांबी दीड झाली, मग एक. मांडी घालून बसायचा पाट उकिडवं बसायचा झाला, मग गणपतीपुरता, मग त्याच्या उंदरापुरता. फुटाच्या आतली फळी घालू नका, ती आत अधांतरी होऊन उलटी उसळते, असं पुस्तिकेत लिहिलंय, म्हणून उंदीर वाचला. साग घनफुटावर मिळतो. वखारवाला गाठीचेही पैसे लावतो. त्यातलं अर्धं लाकूड आज माझ्या तुळशीत आहे.

फळी आधीच अर्धा फूट जास्त घ्यायची आणि टोकं शेवटी एकदाच उडवायची, हे आमच्या मिस्त्रीने जिन्यात उभं राहून अर्ध्या मिनिटात सांगितलं. जिन्यात, कारण हत्यारांची पिशवी घेऊन त्याला लिफ्टमध्ये येता येत नाही. याच मिस्त्रीने गेल्या वर्षी माझ्या दाराला दुपारी अडीच वाजता हातरंधा मारला होता. सर्र, सर्र, एवढाच आवाज. पाचव्या हाताला वॉचमन वर आला. दोन ते चार सुतारकाम बंद, अशी सोसायटीची नोटीस आहे! शंभर डेसिबलच्या आसपास किंचाळणारं मशीन मात्र दोन ते चार चालतं, कारण ते सुतारकाम नाही, तो छंद आहे. ज्याचं पोट त्यावर चालतं त्याने आवाज करायचा नाही आणि ज्याचं पेन्शन चालू आहे त्याने करायचा, हा कुठला न्याय? मिस्त्रीच्या मजुरीतले पन्नास रुपये कापताना आपण तासभर घासाघीस करतो, आणि मशीनवाल्याला विचारतो की हप्ते पडतील का! त्या नोटिशीखाली सही आप्पांचीच आहे.

आता त्यांनी मोल्डिंगची पाती मागवली आहेत. पाटाला कडेने नक्षीची बीडिंग पट्टी लावणार म्हणतात. कुठल्या पाटाला, हे वहिनींनी विचारलं. मी विचारलं नाही.

सागाचा भुसा, चार पोती, फुकट. कुणाला हवा असल्यास दुपारी दोन ते चार सोडून कधीही यावे, त्या वेळात बेल ऐकू येत नाही. पोती परत आणून द्यावीत, लागणार आहेत.