फटाका सायलेन्सरवाल्यास अनावृत पत्र

चि. ‘दादा’ यास,



तुझं खरं नाव मला माहीत नाही. गाडीच्या पाटीवरचे ४१४१ हे आकडे तू अशा लपेटीने रंगवून घेतले आहेस, की ते ‘दादा’ असेच वाचले जावेत. तेव्हा मीही दादाच म्हणतो, वयाने तू माझ्या मुलाहून लहान असलास तरी.

प्रथम तुझ्या भूगोलाच्या अभ्यासाचं कौतुक. फर्ग्युसन रस्त्याने खाली यायचं, गुडलक चौकात वळायचं, जंगली महाराज रस्ता धरून वर जायचं आणि पुन्हा फर्ग्युसन. हे दोन्ही रस्ते एकेरी करताना वाहतुकीची कोंडी फुटेल असं साहेबांना वाटलं असणार. आपण तुझ्यासाठी रिंगण आखतोय, हे त्यांना कुठून कळावं! त्यातून जंगली महाराज रस्ता म्हणजे सत्तरच्या दशकात असा बांधलेला, की खड्ड्यांचा विषय निघाला की पुणेकर आजही त्याचाच दाखला देतात. शनिवारी रात्री साडेअकराला तुला सुसाट जाता यावं, एवढ्याचसाठी बांधणाऱ्यांनी तो इतका पक्का केला, अशी माझी आता खात्री झाली आहे.

वेगाबद्दल मी काही लिहीत नाही. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला मोटारीच्या धडकेत दोन जीव गेल्यावर अल्पवयीन आरोपीला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगून झालं आहे. त्या विषयावर या शहरात आणखी लेखन नको.

माझा विषय फटाका. पळत्या गाडीचा स्विच क्षणभर बंद करायचा, न जळलेलं पेट्रोल तापलेल्या नळीत साचू द्यायचं, स्विच पुन्हा चालू करायचा. धडाम्! आवाज मारण्यासाठी सायलेन्सरच्या आत कंपनीने बसवलेले पडदे तू गॅरेजमध्ये आधीच काढून घेतलेले. म्हणजे आवाज मारणाऱ्या वस्तूचे पैसे गाडीबरोबर मोजायचे, ती काढण्याची मजुरी वेगळी द्यायची, आणि वर लिटरला शंभरी ओलांडलेलं पेट्रोल नळीत जाळायचं. आमच्यात एवढ्या खर्चात लोक लग्नाला बँड आणायचे. तो निदान सुरात तरी वाजायचा.

परवाच्या शनिवारचं सांगतो. माझे वडील ब्याऐंशी वर्षांचे. कानाला यंत्र लावा म्हणून घरातले आम्ही सगळे त्यांच्या मागे लागलो होतो. ‘मला नीट ऐकू येतं, तुम्हीच पुटपुटता’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर. अखेर यंत्र आलं. शनिवारी संध्याकाळी ते लावून गॅलरीत बसले. कुकरची शिट्टी ऐकली, खालच्या इस्त्रीवाल्याचा रेडिओ ऐकला, सुनेने स्वयंपाकघरात त्यांच्याविषयी काढलेले उद्गारही ऐकले, आणि चक्क खूश झाले. जेवणं झाली तरी यंत्र काढेनात.

मग तू आलास. ही नवी यंत्रं म्हणे अचानक आलेला मोठा आवाज दाबतात. तुझा दबला नाही. वडिलांनी दोन्ही हातांनी कान धरले, यंत्र उपटलं, डबीत टाकलं आणि म्हणाले, “बहिरेपण बरं.” डबी अजून बंद आहे. आम्ही पुन्हा एकेक वाक्य तीनतीनदा ओरडून सांगतो. तेव्हा तुझ्या फटाक्याची गणती करताना आमच्या घरातला आवाजही तुझ्याच खात्यावर धर.

आणि हे सगळं कुणासाठी? मी वरून नीट पाहतो रे. फुटपाथवर गप्पा मारणाऱ्या मुली मोबाइलमधून मान वर करत नाहीत. रिक्षावाला शिवी घालतो, तीही तुझ्याकडे न बघता. गॅलरीच्या कठड्याला पोट टेकवून, तू नजरेआड होईपर्यंत तुझ्याकडे टक लावून पाहणारा या रस्त्यावर एकच माणूस आहे. लेंगा-बनियनमधला, टक्कल पडलेला मी. हा प्रेक्षकवर्ग तुला अपेक्षित होता का?

ट्रिपल सीट, हेल्मेट नाही, बारा वाजता भर चौकात सीटवर केक कापून तो एकमेकांच्या तोंडाला फासणं, हे मी सोडून देतो. मुलींच्या स्कूटीला कट मारणं मात्र सोडत नाही. त्यासाठी पत्र नाही, सरळ ११२ नंबर.

कायदा तुला पाठ असेलच. रहिवासी भागात रात्री दहानंतर ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात ४०. गाडीत नियमाबाहेरचा बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. प्रत्यक्षात ई-चलान येतं, तेही तुझ्या बाबांच्या मोबाइलवर, कारण गाडी त्यांच्या नावावर. मधूनच पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडतात, त्यांवरून रोलर फिरवतात आणि पेपरात फोटो येतो. रोलर नळ्यांवरून फिरतो. नळ्या विकणाऱ्या दुकानावरून कधी फिरलेला मी पाहिला नाही. दुकानाला पाटी आहे, शटर आहे, भर दिवसा गिऱ्हाईक आहे.

मला चीड येते ती इथे. हाच सायलेन्सर पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या रॅलीत चालतो. तिथे तुझ्यासारखे शंभर जण झेंडे लावून, बिनहेल्मेटचे, फटाके फोडत जातात, पुढे पोलिसांची गाडी रस्ता मोकळा करून देते. विसर्जनाला स्पीकरच्या भिंती खिडक्यांची तावदानं हलवतात, तेव्हा आमच्यातलेच जाणते लोक स्टेजवर नारळ घेऊन उभे असतात. तिथे कुणाचे डेसिबल मोजले जात नाहीत, आणि मोजले तरी कुणाचं काही वाकडं होत नाही. तुला तेवढ्या एकट्याला कोपऱ्यात घ्यायचं, कारण तुझ्या मागे मंडळ नाही. निर्लज्जपणा आहे हा, आणि तो तुझा नाही.

त्याच शनिवारी रात्री गुडलक चौकात नाकाबंदीवर तुला अडवलेलं मी पाहिलं. तुझ्या मागोमाग खाली उतरलो होतो, चार शब्द सुनवायला. हवालदार चावी काढून घेत होता आणि तुझ्या जॅकेटखालून जेवण पोचवणाऱ्या कंपनीचा टी-शर्ट दिसत होता. “बाबांना फोन नका लावू ना,” एवढंच तू म्हणत होतास, ‘दादा’च्या मानाने फारच हळू. दिवसभर याच रस्त्यांवर दुसऱ्यांचं जेवण घेऊन तू फिरतोस. दार उघडतं, हात बाहेर येतो, पिशवी आत जाते. चेहरा कुणी बघत नाही. मीसुद्धा कधी बघितला नसणार. रात्री मोकळं व्हावं तर बागा बंद, आणि कॉफीच्या दुकानात बसायचं म्हणजे अडीचशे रुपये. त्यापेक्षा पेट्रोल स्वस्त पडतं, हा हिशेब मला चौकात उभ्याउभ्या कळला. चार शब्द सुनवायचे राहिले ते राहिलेच.

म्हणून हे पत्र. फिर बाबा, खुशाल फिर. रिंगण तुझंच आहे. फक्त आवाज घरी ठेव.

तुझा एकमेव प्रेक्षक,
दुसरा मजला, रस्त्याकडची गॅलरी

ता. क. मूळ सायलेन्सर तू टाकलेला नसणार. गाडी विकताना लागतो म्हणून माळ्यावर असेल. काढायला हात पुरत नसेल तर आमच्याकडे शिडी आहे. दुपारी एक ते चार सोडून केव्हाही ये. बेल वाजवू नकोस, वडिलांना ऐकू येत नाही.